उंबरठेकर

बस पुलाच्या चढाला लागली आणि ड्रायव्हरबाईला वाटलं, आपण मरतोय.

वाटलं म्हणजे नुसती शंका आली असं नव्हे, खात्रीच पटली. दुपारची वेळ, रस्ता मोकळा, बस जेमतेम निम्मी भरलेली. मागच्या सीटवर कॉलेजातली पोरं खिदळत होती. घाबरावं असं आसपास औषधालाही काही नव्हतं. आणि अचानक काळीज इतकं धडधडायला लागलं, की कानात दुसरं काही ऐकूच येईना. बोटांना मुंग्या आल्या. श्वास घ्यावा तर छातीला पुरेना. स्टिअरिंग हातात होतं, पण हात आपले आहेत असं वाटेना.

पण अर्धं आयुष्य बस चालवण्यात घालवलेली बाई ती. तिनं बस कडेला घेतली, दिवे लुकलुकते ठेवले, दारं उघडली आणि मगच पायरीवर जाऊन बसली.

"बाई, चहाची सुट्टी का?" एका पोरानं विचारलं. तिचा चेहरा दिसला तसा तोच पाण्याची बाटली घेऊन धावला.

हॉस्पिटलात तिच्या छातीला वायरी लावल्या, रक्त काढलं, फोटो काढले. तरुण डॉक्टर हसत म्हणाला, "तुमचं हृदय घोड्यासारखं आहे. घरी जा." घोड्यासारखं आहे तर मग बिथरलं का, हे त्यानं सांगितलं नाही, आणि विचारायचं तिला सुचलं नाही.

दुसऱ्यांदा ते किराणा दुकानाच्या रांगेत झालं. तिसऱ्यांदा न्हाणीघरात, डोळ्यांत साबण असताना. त्यानंतर ती मोजायच्या भानगडीत पडली नाही. आता झालंय त्यापेक्षा पुन्हा होईल ह्याचीच धास्ती जास्त. डेपोच्या साहेबांनी तिला स्टिअरिंगवरून उठवून चौकशीच्या खिडकीत बसवलं. तिथं बसून ती लोकांना सांगायची, अमुक बस तमुक ठिकाणाहून सुटते. आणि स्वतः मात्र चालत घरी जायची, कारण बसमध्ये पाय ठेवायची तिची छाती होत नव्हती.

जितकी तोंडं तितकी कारणं. नवरा म्हणाला, चहा कमी कर. सासू म्हणाली, पोट साफ नसलं की असं होतं. शेजारीण म्हणाली, चाळिशीत बायकांचं असंच असतं, माझ्या नणंदेला तर भिंती फिरताना दिसायच्या. शेवटी नवऱ्यानंच तिला एका डॉक्टरबाईंकडे नेलं. पिकलेले केस, तुटक बोलणं, खुर्चीत ताठ बसणं. बघणाऱ्याला वाटावं, ह्या आता छडी काढणार.

"थायरॉइड ठीक, रक्त ठीक, हृदय तर ठीकच," कागद बाजूला सारत त्या म्हणाल्या. "हे पॅनिक अटॅक आहेत."

"म्हणजे मनाचे खेळ?"

"खेळात मजा येते. तुम्हाला आली?"

"नाही."

"मग खेळ म्हणू नका."

"पण कशामुळे होतं हे?"

"एकच कारण सापडेल असं धरून चालू नका. झोप कमी, कामाच्या पाळ्या सारख्या बदलत्या, उठता-बसता चहा. कधी एखादा धक्का. कधी घराण्यातच असतं. कधी ह्यातलं सगळं थोडं थोडं, आणि कधी काहीच सापडत नाही, तरी होतं. जवळचं कुणी गेलंय अलीकडे?"

"आई. मागच्या हिवाळ्यात."

"रडलात?"

ड्रायव्हरबाईनं खिडकीबाहेर पाहिलं. "वेळ नाही मिळाला. सगळं मलाच बघावं लागलं."

"घरात आणखी कुणाला असा त्रास?"

"नाही."

"नीट आठवा. गर्दी टाळणारं कुणी? प्रवासाला न जाणारं? बाहेर पडायचं म्हटलं की ज्याचं नेमकं डोकं दुखतं, पोट बिघडतं?"

"ते होय!" ती हसलीच. "ते आमचे बाबा. पण त्यांना कसला अटॅक! त्यांना फक्त..."

वाक्य तिथंच अडकलं. हसूही मग ओठांवरून उतरलं.

तिचे वडील वेताच्या खुर्च्या विणायचे. दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली, तीत बादलीभर पाण्यात भिजत घातलेल्या वेताच्या पट्ट्या, आणि भिंतीला ओळीनं लावलेल्या बिनबैठकीच्या खुर्च्या. लोक खुर्च्या आणून टाकायचे आणि विणून झाल्या की घेऊन जायचे. कुणी न्यायला आलं नाही तर तिची आई डोक्यावर खुर्ची घेऊन पोचवायला जायची. वडील जायचे नाहीत. ते कुठंच जायचे नाहीत. गल्लीतल्या इस्त्रीवाल्यानं त्यांचं नाव ठेवलं होतं उंबरठेकर. "माणसाचं आडनाव गावावरून पडतं," तो म्हणायचा, "ह्यांचं गाव उंबरठा. तिथवर जातात आणि परत येतात." नाव इतकं चिकटलं, की खुर्च्या घेऊन येणारी नवी माणसंही खाली विचारायची, उंबरठेकरांचं घर कुठलं?

शाळेच्या कार्यक्रमाला आई एकटी. नातलगांच्या लग्नाला आई एकटी. "ह्यांना कणकण आहे," "ह्यांचं काम अडलंय." लेकीच्या लग्नातसुद्धा वडिलांची खुर्ची रिकामी राहिली. तेही लेकीनं पोटात घातलं. पण आईला शेवटचं पोचवायला निघाले, त्या दिवशीचं तिला गिळता आलं नाही. सगळे खाली उतरले, गाडी सुरू झाली, आणि तिनं मागे वळून पाहिलं तर वडील जिन्याच्या पायरीवर बसलेले. अंगात धुतलेला शर्ट, पायात बूट, गुडघ्यांवर हात. जणू आपला काही संबंधच नाही. त्यानंतर ती दर आठवड्याला त्यांचं सामान घेऊन जायची, पिशवी दारात ठेवायची आणि तिथूनच वळायची. बोलणं जेवढ्यास तेवढं.

डॉक्टरबाईंकडून निघाल्यावर तिनं नवऱ्याला घरी धाडलं आणि ती वडिलांकडे गेली.

"पिशवी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"आज पिशवी नाही. बसायला आलेय."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, एका पुऱ्या विणलेल्या खुर्चीवरचे वेताचे तुकडे झटकले आणि ती पुढे केली. ती बसली. काय विचारायचं हे जिन्यात ठरवलं होतं, ते सगळं विसरली. वडील पुन्हा कामाला लागले. भोकातून पट्टी ओवायची, ताणायची, खुंटी ठोकायची. बादलीतून ओल्या वेताचा तो जुना वास येत होता. आई असती तर आता आतून म्हणाली असती, अगं, हातपाय धू. आणि तेवढ्यात ते आलं. पोटातून वर, मानेपर्यंत. ती उठायला गेली.

वडिलांनी हातातली पट्टी टाकली. घाईनं नव्हे. ते तिच्यासमोर जमिनीवर येऊन बसले.

"उठू नकोस. येऊ दे त्याला."

"बाबा, मला..."

"मरत नाहीस तू. वाटतं तसं. आता बोटांना मुंग्या येतील. आल्या? मग मानेवर गार घाम. मग असं वाटेल, की आपण आपल्याला लांबून बघतोय. बघू दे. एकदा पार वर जातं, मग उतरतं. वरच राहिलंय असं कधी झालं नाही. माझं नाही झालं अजून."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. ते म्हणाले तसंच, त्याच क्रमानं सगळं आलं, आणि हळूहळू उतरलं. त्यांनी तांब्यातून पाणी दिलं. तिच्या दाताला फुलपात्र कडकड वाजलं.

"तुम्हाला कसं माहीत?" ती म्हणाली. उत्तर तिला कळलं होतं, तरी.

त्यांनी फुलपात्र तिच्या हातातून घेतलं. मग खाली बघतच बोलायला लागले.

"मी तेव्हा फर्निचरच्या कारखान्यात होतो. तू पोटात होतीस. दुपारी जेवायला घरी येत होतो, चौक ओलांडत होतो. रोजचाच चौक. काही म्हणता काही झालं नाही, ठकी. गाडी अंगावर आली नाही, कुणी ओरडलं नाही. आणि मधोमध उभा राहिलो तो राहिलोच. लोकांनी ओढून कडेला नेलं. दुसऱ्या दिवशी त्याच चौकात पुन्हा. मग मी वळसा घालून जायला लागलो. मग तो वळसाही नकोसा झाला. मग कारखाना सुटला."

"कुणाला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगणार? पाय मोडला तर सांगता येतं, घसरलो म्हणून. लोक विचारायचे, काय झालं? काहीच झालं नव्हतं! मी कारण शोधत बसलो. वडील गेले होते आदल्या वर्षी, ते असेल. लहानपणी भावांनी पेटाऱ्यात कोंडलं होतं, ते असेल. पॉलिशचा वास असेल. बिड्या असतील, बिड्या सोडल्या. कारण मिळालं असतं ना, तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं. बिनकारणाची भीती म्हणजे नुसता भित्रेपणा. तो काय सांगायचा?"

"आईला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. जन्मात खोटं बोलली नाही ती, एक माझ्यापायी सोडून. तुला सांगू का म्हणून कितीदा विचारलं तिनं. मी शपथ घातली. म्हटलं, पोरीला बाप आळशी वाटला तर वाटू दे, तऱ्हेवाईक वाटू दे. भित्रा वाटायला नको."

ठकी हे तिचं घरातलं नाव. आई गेल्यापासून ते कुणी उच्चारलं नव्हतं.

"आणि त्या दिवशी?" तिनं विचारलं.

"त्या दिवशी बूट घातले. तिनंच आणलेले, कोरे होते. दोन पायऱ्या उतरलो. मग पाय गेले." त्यांनी आपल्या पावलांकडे पाहिलं. "तू मागे वळून बघितलंस. मला दिसलं, तुला काय वाटलं ते."

"बाबा, मला माहीत असतं तर..."

"नव्हतं ना. जे दिसलं त्यावरून तुला वाटलं, ते बरोबरच होतं."

त्या दिवशी ती रडली. आईसाठी की ह्यांच्यासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं.

म्हाताऱ्यांनी दवाखान्यात जाणं शक्यच नव्हतं. म्हणून डॉक्टरबाईच एका संध्याकाळी धापा टाकत दोन मजले चढून आल्या, वडिलांनी विणलेल्या खुर्चीवर बसल्या आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ह्या आजाराला नाव आहे, औषध आहे, आणि औषधाइतकीच महत्त्वाची सवय आहे. जिथं भीती वाटते तिथं रोज थोडं थोडं जायचं, पळून न येता थांबायचं, भीती उतरेपर्यंत. "वयाचं काही नाही. तुम्ही बरे होऊ शकता."

वडील मान डोलवत होते. मग त्यांनी विचारलं, "हे औषध कधीपासून मिळतं?"

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "हे अलीकडचं. आधी दुसरी होती."

"माझ्या तिशीत होतं काही?"

लेकीला वाटलं, आता बाईंनी खोटं बोलावं. बाई बोलल्या नाहीत. "होतं. औषधं होती, आणि ही सवयीची पद्धतही होती. सगळ्यांना मिळत नव्हती, पण होती."

"बरं," वडील म्हणाले.

बाई गेल्यावर त्यांनी गोळ्यांचं पाकीट खिडकीच्या कठड्यावर ठेवलं आणि ते तिथंच राहिलं. लेक पुढच्या वेळी आली तेव्हा त्यातली एकही गोळी कमी झालेली नव्हती.

"का नाही घेत?"

"भीती वाटते."

"औषधाची?"

"बरं होण्याची." ते पट्टी बोटाभोवती गुंडाळत होते, सोडत होते. "बरा झालो तर ह्याचा अर्थ काय, सांग. की सगळं टळलं असतं. तुझं लग्न मला बघता आलं असतं. तुझी आई तलावावर पोहायला शिकवायची, तू रांगायला लागल्यापासून. अर्ध्या शहराला तिनं पोहायला शिकवलं असेल. शर्यतीत पहिली यायची. मी तिला पाण्यात एकदाही बघितलं नाही. मी म्हणायचो, चालायचंच, आपलं नशीबच असं, त्याला कोण काय करणार. आता ह्या एवढ्याशा गोळीनं मी खाली उतरून चालायला लागलो, तर तिला तोंड काय दाखवू?"

मग त्यांना रडू फुटलं, आणि आपल्या बापाला रडताना लेकीनं पहिल्यांदाच पाहिलं. आवाज न करता, तोंड उघडं टाकून रडत होते. तिला समजूत घालता येईना. समजूत घालण्यासारखं त्यात काही नव्हतंच. ते म्हणत होते ते खरं होतं.

खूप वेळानं ती म्हणाली, "बाबा, माझं कसं व्हायचं? डॉक्टरबाई म्हणतात, रोज बाहेर पड, थांब, उतरू दे. मला एकटीला जमत नाहीये. नवरा सोबत येतो, पण तो सारखा विचारतो, आता बरं वाटतंय का, आता बरं वाटतंय का. त्यानं जास्तच धडधडतं. मला ह्यातलं कळणारं माणूस पाहिजे."

वडिलांनी बाहीनं नाक पुसलं. "म्हणजे अनुभवी?"

"हो."

"अनुभव दांडगा आहे खरा," ते म्हणाले, आणि उठून गोळी घेतली.

असे ते बापलेक बाहेर पडायला लागले. पहिले बरेच दिवस बाहेर म्हणजे जिनाच. मग फाटक. फाटकाला धरून दोघं उभी राहायची. दोघांचे चेहरे असे, की बघणाऱ्याला वाटावं, ह्यांच्या घराला आग लागलीय. "वर गेलं का?" "गेलं." "तुझं?" "माझं उतरतंय." एकदा दोघांचं एकदमच आलं, तेव्हा तिला भीतीतच हसू फुटलं. "बाबा, आंधळ्यानं आंधळ्याला वाट दाखवावी तसं झालंय आपलं." ते दात आवळून म्हणाले, "निदान पडलो तर जोडीनं पडू."

ते गल्लीत उतरले त्या दिवशी इस्त्रीवाल्यानं हातातली इस्त्री उभी करून ठेवली. इतक्या वर्षांची सवय, त्याच्या तोंडून निघून गेलं, "अरे! उंबरठेकर!" मग तो ओशाळला. म्हाताऱ्याच्या कपाळावरचा घाम त्याला दिसला असावा. त्यानं दुकानातून स्टूल आणून रस्त्यात ठेवलं आणि काही न विचारता परत कपड्यांकडे वळला. त्यानंतर ते नाव त्याच्याकडून कुणी ऐकलं नाही.

हिवाळा सरता सरता तिला डेपोनं पुन्हा बस दिली, छोट्या मार्गावरची. अटॅक येणं पूर्ण थांबलं नव्हतं. एखाद्या सिग्नलला पोटात खड्डा पडायचा. ती श्वास मोजत थांबायची, मागचे हॉर्न वाजवायचे, वाजवू द्यायची. डॉक्टरबाईंना तिनं एकदा पुन्हा विचारलं, "पण मला नक्की कशानं झालं? आई गेली म्हणून, की बाबांकडून आलं?" बाई म्हणाल्या, "कळलं तर मलाही सांगा." आता ते कळलं नाही तरी तिचं अडत नव्हतं.

वडिलांनी स्वतःहून एकच मागणं केलं. तलाव बघायचाय.

तिची कामाची पाळी नव्हती त्या दिवशी तिनं त्यांना बसमधून नेलं. खिडकीशी बसून ते दोन्ही हातांनी पुढच्या सीटचा दांडा धरून होते, उतरेपर्यंत सुटला नाही. तलावाच्या दारात क्लोरिनचा वास आला तसे ते थबकले. लेकीला वाटलं, आलं वाटतं. पण ते म्हणाले, "हा तिच्या केसांचा वास."

आत पोरांचा कल्ला चालला होता. काठावरच्या बाकावर ती दोघं बसली. तिकिटाच्या खिडकीतली बाई जुनी होती. तिनं लेकीला ओळखलं आणि ती म्हाताऱ्याजवळ येऊन उभी राहिली. "बाई त्या टोकाला उभ्या राहायच्या," तिनं हात दाखवला. "खोल पाण्याच्या बाजूला. पोर घाबरलं की ओरडायच्या नाहीत. उडी मारून त्याच्या शेजारी जायच्या."

म्हातारा त्या टोकाकडे बघत राहिला. पाण्यावरचं ऊन छतावर हलत होतं.

"पाणी इतकं निळं असतं, हे सांगितलं नाही तिनं," ते म्हणाले.

"सांगितलं असेल, बाबा."

"हो. सांगितलं होतं." ते थांबले. "मला वाटायचं, वाढवून सांगते."

परत येतानाही त्यांनी दांडा सोडला नाही. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊ म्हणाले, आणि मग दर आठवड्याला. लेक त्यांना सोडून फेरीला जायची आणि फेरी संपली की घ्यायला यायची. बरं वाटतं का, असं तिनं एकदा विचारलं. "नाही," ते म्हणाले. "वाईटच वाटतं. पण तिथं बसून वाटतं."

एकदा बाकावर त्यांच्या शेजारी एक तरुण आई बसली होती, मांडीवर टॉवेल घेऊन. तिचा मुलगा काठ सोडायला तयार नव्हता. बराच वेळ झाल्यावर तिनं बोलायचं म्हणून विचारलं, "आजोबा, तुमचं कोण आहे पाण्यात? नातू?"

"बायको," म्हातारा म्हणाला.

"अगं बाई! ह्या वयात? कमाल आहे हं," ती कौतुकानं म्हणाली आणि मान उंच करून पाण्यात बघायला लागली, कुणी वयस्क बाई पोहताना दिसते का म्हणून. तीही बघत राहिली, तोही.